मडमेचा टाक

माझं तोंड फाटकं आहे, हे आधीच सांगून टाकते. मी लातूरकडची. लग्न होऊन चिखलीत आले तेव्हापासून सासरची माणसं म्हणतात, हिच्या जिभेला हाड नाही. नसू दे. पण ज्या दिवशी घरात तोंड उघडायला पाहिजे होतं, त्या दिवशी मी दवाखान्यात सासूबाईंच्या उशाशी बसले होते, आणि इकडे आमच्या मालकांनी देवघरातला देव उचलून मुंबईला लिलावात नेऊन दिला होता.

मालक म्हणजे माझे यजमान. इकडे तसंच म्हणतात. आणि सासूला म्हणतात आत्या. आमच्या आत्या आता ऐंशीच्या पुढे आहेत. त्यांचं शेत गेलं, त्यावर सोसायट्या उभ्या राहिल्या, पोराने चाकणच्या कंपन्यांना बसेस लावल्या, दारात दोन गाड्या आल्या. आत्यांचा दिवस मात्र एकाच गोष्टीने उजाडायचा. आंघोळ करून ओलेत्या केसांनी त्या देवघरापुढे बसायच्या, ताम्हनात देव घ्यायच्या, आधी दूध, मग पाणी, मग मऊ धोतराच्या फडक्याने टिपायच्या. त्यात मधला देव होता तो टाक. त्याच्याशी त्या बोलायच्या. काल गुडघा दुखला, सून फटकळ बोलली, नातीचा फोन आला नाही, असं सगळं. माझी चहाडी माझ्यादेखत देवाला सांगायच्या, आणि मी स्वयंपाकघरातून म्हणायचे, "आत्या, मला ऐकू येतंय हं." त्या म्हणायच्या, "तुला न्हाई सांगत. त्याला सांगतीया."

टाक म्हणजे चांदीच्या पत्र्यावर ठोकून उठवलेला कुळाचा देव, तळहातावर मावणारा. आमच्याकडे खंडोबा. भाऊ वेगळे झाले की जुने टाक थोरल्याच्या घरी जातात. धाकट्याने सोनाराकडून नवे घडवायचे, जेजुरीला नेऊन भेटवायचे आणि मगच देव्हाऱ्यात बसवायचे, अशी रीत आहे. मामंजी धाकटे. वाटणी झाली तेव्हा देव थोरल्या घरी गेले आणि आत्यांच्या वाट्याला रिकामा पाट आला. नवा टाक घडवायला चांदी कुठून आणणार? पाटावर सुपारी ठेवून त्या पूजा करायच्या.

मामंजी तेव्हा चिंचवडला एका परदेशी इंजिनिअरच्या बंगल्यावर माळी होते. कंपनीत नव्या मशिनी बसवायला तो साहेब आला होता, बरोबर त्याची बायको. तिला सगळे मडम म्हणायचे. काम संपलं, साहेब-मडम आपल्या देशाला निघाले, तेव्हा मडमेने गळ्यातलं काढून मामंजींच्या हातात दिलं. बायकोला द्या, म्हणाली असावी. भाषा कुणाला कळत होती? चांदीची एक जाड कडी, आणि तिला लोंबणारं चांदीचं एक पान. पान तरी कसलं, एक फुगीर पत्रा, मधून एक उंचवटा, दोन्ही अंगांना दोन खळगे. नक्षी नाही, खडा नाही, घुंगरू नाही. असला दागिना बाई घालते तरी कशाला, असं आळीतल्या बायका म्हणाल्या. कडीची चांदी मामंजींनी सोनाराकडे मोडली आणि घरात जन्मलेल्या लेकराचे वाळे केले. ते लेकरू म्हणजे आमचे मालक. राहिला तो पत्रा.

आत्यांनी तो पाटावर ठेवला. त्यांना त्या उंचवट्यात नाक दिसलं आणि खळग्यांत डोळे. "सोनार काय करतो? पत्राच ठोकतो न्हवं?" असं त्या म्हणाल्या आणि मामंजींना घेऊन जेजुरीला निघाल्या. तिथे देवापुढे भंडाऱ्यात तो लोळवला आणि घरी आणून बसवला.

थोरल्या घरच्या, म्हणजे आत्यांच्या जाऊबाईंनी याच्यावर जन्मभर तोंडसुख घेतलं. "मडमेचा देव", हे नाव त्यांचंच. गावच्या उत्सवात सगळ्या घरांचे टाक थोरल्या घरच्या एका ताटात ठेवतात. त्या ताटात आमचा टाक त्यांनी कधी घेऊ दिला नाही. आत्यांनी त्यांच्या घराची पायरी चढणं सोडलं, ते सोडलंच. आमचे मालक शाळेत जायला लागले तर चुलतभाऊ मागून ओरडायचे, "ए, मडमेच्या देवाचं!" ही गोष्ट त्यांनी मला लग्नानंतर फार उशिरा सांगितली, आणि सांगतानाही भिंतीकडे बघत होते. मी तेव्हा हसले होते. आता कळतं की त्यांना ते किती लागलं होतं.

एक सांगायचं राहिलं. आत्या इतर देव चिंचेने घासायच्या, पण टाकाला कधी घासलं नाही. घासलं तर त्याला दुखेल, असं म्हणायच्या. रोज आंघोळ आणि रोज ठरलेल्या जागी बोटाने हळद, कुंकू, भंडारा. तुपाचा हात तोच, दुधाचा तोच. पन्नास-एक वर्षांत त्या पत्र्यावर थरावर थर बसले. खळग्यांत दोन डोळे उठून आले, उंचवट्याखाली मिशा आल्या. मी लग्न होऊन आले तेव्हाच मला तर तो खंडोबा वाटला. चांदी कुठे दिसतच नव्हती. पिवळा-तांबडा, जरासा चिकट, आणि चक्क बघणारा.

पोरगी आमची हिंजवडीला कामाला आहे, मारुंजीत मैत्रिणींबरोबर खोली घेऊन राहते. दसऱ्याला घरी आली, आजीच्या पूजेचे, टाकाच्या मागच्या बारीक छापाचेही फोटो काढले, आणि फोनमध्ये काय शोधलं कुणास ठाऊक, संध्याकाळी खिदळत बाहेर आली. "आई, आजीचा देव नेटवर आहे!" बघितलं तर परदेशातल्या कुठल्या लिलावाचं पान. काळ्या मखमलीवर तोच आकार, लखलखीत, कडीसकट. खाली लिहिलेलं की अमुक काळातल्या अमुक कारागिराचं काम, असे थोडेच नग बनले. पोरीने वाचून दाखवलं, या लोकांनी त्या काळी ठरवलं होतं म्हणे, दागिन्यावर नक्षी नको, आकार हाच दागिना. आणि मग आकडा वाचला. तो मी सांगणार नाही. मालक जेवत होते, त्यांचा घास हातातच राहिला.

"आई गं," पोरगी म्हणाली, "आजीने करोडपती देव पाळलाय!" आम्ही सगळे हसलो. आत्याही हसल्या, त्यांना काही कळलं नव्हतं तरी.

मला वाटलं, गंमत संपली. पण मालकांच्या डोक्यात किडा शिरला होता. त्या रात्री म्हणाले, "पैशासाठी न्हाई म्हणत मी. पण बघ ना, ती वस्तू देव न्हाईच. मडमेचा हारच हाय तो. ज्यांना कदर हाय त्यांच्याकडं जाऊ दे. आपण खरा टाक घडवू. उत्सवाच्या ताटात ठेवू. एकदाचं तोंड बंद करू सगळ्यांचं." मी म्हटलं, "आत्यांना विचारा आणि काय ते करा. त्यांना न विचारता हात लावलात तर माझ्याशी गाठ आहे." ते गप्प बसले. मला वाटलं, पटलं.

थंडीत आत्यांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं. मी त्यांच्याबरोबर दवाखान्यात. नंतर डॉक्टरांनी बजावलं, वाकायचं नाही, डोळ्यात पाणी जाऊ द्यायचं नाही, त्यामुळे काही दिवस पूजाही बंद. त्यांना माझ्या नणंदेकडे चिंचवडला ठेवलं, दवाखाना जवळ पडतो म्हणून, आणि मीही तिथेच राहिले. तेवढ्या वेळात आमच्या शहाण्याने सगळं उरकलं. सोनाराकडून नवा टाक घडवला, घोड्यावर बसलेला खंडोबा, बाजूला म्हाळसा, पायाशी कुत्रं, अगदी रेखीव. जेजुरीला जाऊन भेटवून आणला. आणि जुना मुंबईला नेऊन दिला. चार कागदांवर सह्या केल्या. इंग्रजीत काय लिहिलंय ते वाचण्याची तसदी घेतली नाही.

घरी आले आणि देव्हाऱ्यात नवा टाक बघितला. "अहो, हे काय करून बसलात?"

"हळू बोल," ते म्हणाले. "तिला काय दिसतंय? आकार तेवढाच ठेवलाय. हळदीत माखून ठेवलाय."

मी कपाळावर हात मारून घेतला. "अहो, आत्ताच तर डोळे करून आणलेत त्यांचे! आजवर अंधुक दिसत होतं, आता मुंगी चालली तरी दिसते. हाच मुहूर्त सापडला तुम्हाला?"

खरंच सांगते, त्यांच्या हे लक्षातच आलं नव्हतं. आईचं ऑपरेशन यांनीच ठरवलं, यांनीच दवाखाना शोधला, आणि ऑपरेशन झाल्यावर माणसाला दिसतं एवढं यांच्या टाळक्यात नाही. मी असं घालूनपाडून बोलले की शेजारच्या बाईने खिडकी लावली. ते खाली मान घालून म्हणाले, "माझं चुकलं असंल. पण लहानपणापासून ऐकून ऐकून विटलो होतो गं." आणि मला त्यांची कीवही आली आणि रागही आला.

पहिल्या दिवशी आत्या पूजेला बसल्या तेव्हा मी मुद्दाम भाजी चिरत स्वयंपाकघरात थांबले. ताम्हनात देव काढल्याचा आवाज आला. मग काहीच आवाज आला नाही. मी डोकावले. त्यांनी नवा टाक हातात घेतला होता, पण त्या त्याच्याकडे बघतही नव्हत्या. डोळे मिटून त्याच्यावरून अंगठा फिरवत होत्या. घोडा, भाला, म्हाळसा, सगळं चाचपलं. मग मला हाक मारली.

"ह्यो कुणाचा गं?"

मालक पुढे आले. "आई, नवा केलाय. जेजुरीला नेऊन आणलाय. सोनाराकडचा, खरा."

"चांगला हाय," आत्या म्हणाल्या. "लई चांगला केलाय. पर माझा कुठं हाय?"

मालकांनी सांगितलं. मुंबई, लिलाव, मोठी किंमत, परदेशातली माणसं बोली लावणार. आत्यांनी ऐकून घेतलं. रडणं नाही, ओरडणं नाही. मी म्हणते, ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी नवा टाक पुसून माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, "हा तू पूज. ह्यो बी देवच हाय. माज्याच्यानं न्हाई व्हनार."

दुसऱ्या दिवसापासून त्या देवघरात गेल्याच नाहीत. सकाळी आंघोळ करून पलंगावर बसायच्या आणि पुढे काय करायचं ते त्यांना सुचायचं नाही. चहा दिला की घेतील, जेवायला वाढलं की दोन घास. दुपारी विचारतील, "सकाळ झाली का?" बोलणं तर गेलंच. इतकी वर्षं माझी चहाडी ऐकून मी वैतागले होते, आता वाटायचं, कुणाला तरी जाऊन काही तरी सांगा हो बाई, माझ्याबद्दल वाईटसाईट का होईना. मी मुद्दाम भांडण काढून बघितलं. भाजीत मीठ जास्त घातलं. त्यांनी मुकाट्याने खाल्लं.

मग एके दिवशी घरात दिसेनात. मी गल्ली पालथी घातली. कोपऱ्यावरच्या वर्कशॉपच्या पोरांना विचारलं, रिक्षावाल्यांना विचारलं. तेवढ्यात फोन आला, थोरल्या घरून. आत्यांच्या जाऊबाईंचा. आमच्याकडे त्यांचा फोन येण्याचा संबंधच नव्हता. त्या म्हणाल्या, "अगं, तुझी सासू आलीया हिकडं. देव्हाऱ्यापुढं बसलीया. म्हनती, माझा देव तुमच्याकडं आलाय का, ताटात मिसळला आसंल, बगा." आणि पुढे त्यांना बोलता येईना. ज्या बाईने आयुष्यभर त्या देवाची चेष्टा केली ती फोनवर हुंदके देत होती. "सगळं ताट तिच्यापुढं ठिवलंय मी. एकेक हातात घिऊन बगतीया. घिऊन जा बाई तिला. मला बगवना."

आम्ही दोघं आणायला गेलो. आत्यांच्या मांडीत थोरल्या घरचं ताट होतं. ज्या ताटात आमच्या टाकाला कधी जागा मिळाली नाही, त्यातले सगळे देव बाहेर काढून ओळीने ठेवलेले. मालकांना बघून म्हणाल्या, "हितं बी न्हाई रं." मालकांनी त्यांना लहान मुलासारखं उचलून गाडीत बसवलं. गाडी सुरू केली आणि स्टिअरिंगवर डोकं ठेवून रडले. मी काही बोलले नाही. माझ्यासारखीच्या आयुष्यात असे प्रसंग मोजके.

दुसऱ्या दिवशी ते मुंबईला गेले. तिथे यादी छापून झाली होती, बोलीची तारीख लागली होती. माल परत मागता येत नाही म्हणाले, मग दंड भरा म्हणाले. यांनी भरला. कुठे वाद घातला नाही. संध्याकाळी घरी आले ते हातात निळी डबी घेऊन. चेहरा फुललेला. "आणला," म्हणाले. "आई, तुझा देव आणला."

आत्या पलंगावरून उठल्या. कितीतरी दिवसांनी त्यांच्या अंगात जीव आल्यासारखा दिसला. हात धुतले, पदर नीट केला, पाटावर बसल्या आणि ओंजळ पुढे केली. मालकांनी डबी उघडली.

आत चांदी होती. नुसती पांढरी चांदी. हळद नाही, कुंकू नाही, डोळे नाहीत, मिशा नाहीत. लिलाववाल्यांनी फोटो काढण्याआधी साफ केली होती. सह्या केलेल्या कागदांत तेही कुठेतरी लिहिलेलं होतं. आणि खरं सांगू? सुंदर होती ती वस्तू. मी पहिल्यांदाच बघत होते. पाण्यावर वारा आला की एक घडी पडते ना, तशी ती मधली रेघ. कुठे एक ठोका जास्त नाही. कुणीतरी फार जीव लावून केलेली होती. मडम ती गळ्यात का घालायची ते मला त्या क्षणी कळलं, आणि मी आत्यांच्या पुढे केलेल्या ओंजळीकडे बघितलं.

मालक बिचारे म्हणत होते, "बघ, आपलाच. मागं तोच छाप हाय. मी बघून घेतलाय."

आत्यांनी ती ओंजळीत घेतली. अंगठा फिरवला. डोळ्यांच्या जागी गेला, तिथे नुसता गुळगुळीत खळगा. खाली मिशांच्या जागी गेला. पुन्हा वर आला. मग त्यांनी ती वस्तू उजेडात धरून नीट बघितली, आणि त्यांच्या नव्या डोळ्यांना सगळं दिसलं.

"हे मडमेचं हाय," त्या म्हणाल्या. "चांगलं हाय. जपून ठिव, तिचं कुणी आलं तर दे." आणि ती पुन्हा डबीत ठेवून झाकण लावलं. "माझा देव मागून आन. ह्याच्यावरचा."

मालक भिंतीला टेकून खाली बसले. मी फोन उचलला. कागदावर मुंबईचा नंबर होता, लावला. पलीकडून एक बाई बोलत होत्या, गोड आवाजाच्या, अर्ध्या हिंदीत अर्ध्या इंग्रजीत. मी जमेल तसं विचारलं, की तुम्ही त्याच्यावरचं जे काढलंत, पिवळं-तांबडं, ते ठेवलंय का? त्यांना आधी समजेना. मग म्हणाल्या, "ओह, वो डिपॉझिट? मॅडम, वो तो कॉटन से निकाला था." मी म्हटलं, "हां, तो कॉटन किधर है?" मला वाटतं त्यांना काही तरी उमगलं असावं, कारण आवाज बदलला. "मॅडम, वो तो कचरे में गया. उसी दिन. सॉरी मॅडम. वो कुछ इम्पॉर्टंट था क्या?"

मी हो म्हटलं की नाही, मला आठवत नाही. त्यांनी आणखी एकदा सॉरी म्हटलं आणि फोन बंद झाला.

आत्या पाटावरून माझ्याकडे बघत होत्या. "काय म्हनत्यात? घावला का?"

माझ्या या फाटक्या तोंडातून एवढंच निघालं, "शोधतायत, आत्या."

"मग ठिवू नगं फोन," त्या म्हणाल्या. "सांग त्यांस्नी, घावस्तोवर त्याला उपाशी ठिवू नगा म्हनावं. सकाळचं वाईच दूध लागतं त्याला."

फोन केव्हाच कट झाला होता. मी तो कानाला लावला आणि त्यांच्यासमोर उभी राहून शब्दन् शब्द सांगितला.